सेल्फ फिरतो, इंजिन पेटत नाही : जुन्या मोटारीचे रोगनिदान

किल्ली फिरवताच आरंभक चलित्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘सेल्फ’, इंजिनाला नेहमीच्या गतीने फिरवतो. पण इंजिन स्वतःच्या बळावर चालू लागत नाही. किल्ली सोडली की सारे शांत होते. जुन्या मोटारींच्या बिघाडांत ही अवस्था वारंवार आढळते आणि तिचा अर्थही वारंवार चुकीचा लावला जातो. ‘बॅटरी गेली’ असे म्हणून बॅटरी बदलली जाते, नंतर प्लग, त्यानंतर कॉइल. खर्च वाढत जातो आणि गाडी जागेवरच राहते. वास्तविक सेल्फ जोमाने फिरत असेल, तर बॅटरी, तिच्या जाड वायरी आणि सेल्फ हे तीन घटक बहुतांशी निर्दोष असल्याचे त्याच क्षणी सिद्ध होते. उरलेल्या कारणांचा शोध विशिष्ट क्रमाने घेतल्यास दोष कोणत्या शाखेत आहे, हे साध्या हत्यारांनिशी ठरवता येते. त्या क्रमाचा आणि त्यामागील तत्त्वाचा परिचय या लेखात करून दिला आहे.

धाराशिव जिल्ह्यातील भूमसारख्या तालुक्याच्या गावी या विषयाला विशेष व्यावहारिक महत्त्व आहे. बालाघाटाच्या पठारावरील या गावाला रेल्वे नाही. दळणवळण रस्त्यानेच चालते. परिसर दुधाच्या आणि खव्याच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे, आणि दूध असो वा खवा, नाशवंत माल वाहनाच्या दुरुस्तीसाठी थांबत नाही. जुन्या बनावटीचा एखादा सुटा भाग गावात मिळाला नाही, तर बार्शी किंवा धाराशिव गाठावे लागते. नेमका कोणता भाग आणायचा हे जाण्यापूर्वी ठरलेले असेल, तरच ती फेरी सार्थकी लागते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अंतर्ज्वलन इंजिनाचा व्यावहारिक आरंभ फ्रान्समधील एत्येन लन्वार यांच्या १८६० मधील वायू-इंजिनापासून मानला जातो. त्यातही प्रज्वलनासाठी विजेची ठिणगी वापरलेली होती. जर्मनीतील निकोलाउस ऑटो यांनी १८७६ मध्ये चार धावांचे इंजिन यशस्वी केले. शोषण, संपीडन, ज्वलन आणि निष्कासन या चार धावांवर आजचे पेट्रोल इंजिनही चालते. सेल्फला वीज पुरवणारी शिसे-आम्ल घटमाला गास्ताँ प्लांते यांच्या १८५९ मधील संशोधनातून आली.

आरंभीच्या मोटारी हाताने हँडल मारून सुरू कराव्या लागत. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडण्याचा धोका असे. हा धोका दूर करण्याचे श्रेय अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग यांना जाते. त्यांनी विकसित केलेला विजेचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत प्रथम बसवण्यात आला. बॅटरी, कॉइल आणि उघडझाप करणारे पॉइंट यांवर आधारलेली प्रज्वलन-पद्धतीही केटरिंग यांच्याच नावाने ओळखली जाते. पुढे इलेक्ट्रॉनिक पद्धती रूढ होईपर्यंत अनेक दशके जगभरच्या पेट्रोल मोटारींनी तिचाच आश्रय घेतला.

महाराष्ट्रापुरते पाहता या विषयाचा धागा भूमच्या शेजारच्या सोलापूरशी जुळतो. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात प्रथम अमेरिकन कंपनीच्या आणि पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या बनावटीच्या मोटारी तयार झाल्या. १९६४ मधील ‘फियाट ११०० डिलाइट’ या गाडीला १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. १०८९ घन सेंमी क्षमतेचे चार सिलिंडरांचे इंजिन, एक कार्ब्युरेटर आणि पॉइंटची प्रज्वलन-पद्धती अशी तिची साधी रचना होती. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होणारी अँबॅसडर आणि डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली ७९६ घन सेंमीची, तीन सिलिंडरांची मारुती ८०० याही प्रदीर्घ काळ कार्ब्युरेटरवरच चालल्या. प्रस्तुत लेखात ‘जुनी मोटार’ या शब्दाने प्रामुख्याने याच पिढीतील वाहने अभिप्रेत आहेत. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते आणि तपासणीनंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. त्यामुळे अशा काही गाड्या अद्याप वापरात आहेत.

कार्यतत्त्व

पेट्रोल इंजिन पेटण्यासाठी चार अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. हवा आणि इंधन यांचे योग्य मिश्रण सिलिंडरात पोहोचले पाहिजे. दट्ट्याने, म्हणजे पिस्टनने, ते पुरेसे दाबले पाहिजे. त्यावर सशक्त ठिणगी पडली पाहिजे. आणि ती ठिणगी नेमक्या क्षणी पडली पाहिजे. खव्याच्या भट्टीत जळण, वारा आणि आगपेटी या तिन्हींपैकी एकाची उणीव असली तर कढई तापत नाही. इंजिनाला त्यांखेरीज दाब आणि वेळ यांचीही अचूकता लागते.

पहिल्या अटीचे परिमाण लक्षात घेण्यासारखे आहे. एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. याचा अर्थ, एक लिटर पेट्रोलसाठी इंजिन सुमारे नऊ हजार लिटर हवा आत ओढते. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून आरंभी मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवावे लागते. हे काम चोक करतो. तो हवेची वाट अरुंद करतो आणि त्यामुळे अधिक पेट्रोल ओढले जाते.

ठिणगीची निर्मिती त्याहून कौतुकास्पद आहे. बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट असतो, तर ठिणगी-गुडदीच्या, म्हणजे स्पार्क प्लगच्या, फटीतून ठिणगी उडण्यासाठी दहा ते वीस हजार व्होल्ट लागतात. कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पॉइंट मिटलेले असताना जाड वेढ्यांतून प्रवाह वाहून चुंबकीय क्षेत्र तयार होते. पॉइंट उघडताच ते क्षेत्र एकाएकी कोसळते आणि बारीक वेढ्यांत उच्च दाब निर्माण होतो. वितरक, अर्थात डिस्ट्रिब्युटर, हा दाब रोटरच्या साहाय्याने क्रमाक्रमाने प्रत्येक प्लगकडे पाठवतो. जुने कारागीर वितरकाला ‘डेल्को’ही म्हणतात. पद्मिनी आणि अँबॅसडर या दोहोंत हा क्रम १-३-४-२ असा आहे. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला शंभर ठिणग्या याच एका यंत्रणेतून निघतात.

कारणांचे वर्गीकरण

सेल्फ फिरूनही इंजिन न पेटण्याची कारणे चार गटांत विभागता येतात. पहिला गट प्रज्वलनाचा असून त्यात पॉइंट, संधारित्र म्हणजे कंडेन्सर, कॉइल, रोटर, डिस्ट्रिब्युटरचे झाकण, उच्चदाबाच्या वायरी आणि प्लग येतात. दुसरा गट इंधनाचा. त्यात टाकी, नळी, फिल्टर, पंप आणि कार्ब्युरेटर यांचा समावेश होतो. तिसरा गट संपीडनाचा, म्हणजे कॉम्प्रेशनचा. त्यात पिस्टनच्या रिंगा, झडपा आणि हेड गॅस्केट हे भाग मोडतात. चौथा गट कालमेळाचा, म्हणजे टायमिंगचा आहे. जुन्या गाड्यांत पहिल्या दोन गटांतील दोष सर्वाधिक आढळतात, त्यांची तपासणी सोपी असते आणि दुरुस्तीचा खर्चही कमी येतो. म्हणून शोधाचा आरंभ तेथूनच करावा.

प्राथमिक तपासणी

हत्यार हाती घेण्यापूर्वी कान, नाक आणि डोळे यांचा उपयोग करावा. सेल्फचा आवाज प्रथम ऐकावा. फिरण्यात एकसारखी लय असेल तर संपीडन बहुधा ठीक आहे. आवाज लयबद्ध न राहता इंजिन भरभर, विनासायास फिरू लागले असेल, तर टायमिंगचा पट्टा तुटल्याची शंका घ्यावी. आवाज जड आणि मंद असेल तर बॅटरीकडे वळावे. पूर्ण भारित बॅटरी स्थिर असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि सेल्फ फिरत असताना तिचा दाब साधारणतः ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. अशक्त बॅटरीची एक फसवी बाजू आहे. ती सेल्फ कसाबसा फिरवते. परंतु त्या वेळी कॉइलला पुरेसा दाब उरत नाही आणि ठिणगी क्षीण पडते.

त्यानंतर वास घ्यावा. पेट्रोलचा उग्र दर्प येत असेल तर इंजिन ‘ओव्हर’ झाले आहे, म्हणजे त्यात गरजेपेक्षा अधिक पेट्रोल गेले आहे. बराच वेळ सेल्फ मारूनही मुळीच वास येत नसेल तर पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत चढत नसावे. इंधनदर्शक काट्यावर विसंबून राहू नये. जुन्या गाड्यांत तो वर्षानुवर्षे एकाच जागी अडकलेला असू शकतो. टाकीत पेट्रोल असल्याची प्रत्यक्ष खात्री करावी. शेवटी वायरी पाहाव्यात. बॉनेटच्या उबेला येणारे उंदीर वायरी कुरतडतात, हे सुगीच्या दिवसांत शेताजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांबाबत आवर्जून तपासावे.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक काळ मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये अर्धा ते एक मिनिट विश्रांती द्यावी. तपासणीपूर्वी गाडी न्यूट्रलमध्ये आणि हातब्रेकवर असावी. शर्टाची सैल बाही, उपरणे किंवा ओढणी पंख्याच्या आणि पट्ट्याच्या जवळ येऊ देऊ नये.

ठिणगीची परीक्षा

एक प्लग काढून तो पुन्हा त्याच्या वायरीला जोडावा आणि त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावा. प्लग हाताने न धरता रबरी मुठीच्या पकडीने धरावा आणि जवळपास पेट्रोल सांडलेले नाही हे पाहावे. दुसऱ्या व्यक्तीने सेल्फ मारताच प्लगच्या टोकाशी ठिणगी दिसली पाहिजे. ती निळसर-पांढरी असेल आणि तिचा ‘टक् टक्’ असा स्पष्ट आवाज येत असेल तर यंत्रणा सशक्त आहे. पिवळी किंवा तांबूस, बारीक आणि निःशब्द ठिणगी मोकळ्या हवेत दिसली, तरी सिलिंडरातील दाबाखाली ती पडेलच असे नाही.

काढलेला प्लग हाच एक पुरावा असतो. टोकाचा रंग फिकट तपकिरी असेल तर तो सिलिंडर निरोगी समजावा. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रण गर्द आहे, म्हणजे चोक अडकला आहे किंवा हवेचा फिल्टर तुंबला आहे. टोक पेट्रोलने ओले असेल तर इंधन पोहोचत आहे, पण पेटत नाही. तेलकट ओलावा रिंगा किंवा झडपांचे सील झिजल्याचे सुचवतो. ठणठणीत कोरडा प्लग मात्र शोध इंधनाच्या गटाकडे वळवतो. प्लगच्या टोकांतील अंतर पॉइंटच्या पद्धतीत साधारण ०.६ ते ०.७ मिमी ठेवतात.

कोणत्याच प्लगवर ठिणगी नसेल तर कॉइलच्या मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातून काढून तशीच तपासावी. तेथे ठिणगी असूनही प्लगवर नसेल तर दोष झाकणात किंवा रोटरमध्ये आहे. झाकण काढून उजेडात धरावे. आतील बाजूस केसासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती तडा समजावी. वीज प्लगकडे न जाता त्या वाटेने इंजिनाच्या धातूत उतरते. पावसाळ्यात झाकणाच्या आत साचलेले दवही हेच करते, आणि कोरड्या फडक्याने पुसताच गाडी सुरू होते.

कॉइलवरच ठिणगी नसेल तर पॉइंटकडे वळावे. पॉइंटच्या दोन्ही चकत्या स्वच्छ, सपाट आणि करड्या असाव्यात. एका चकतीवर खड्डा आणि दुसरीवर टेकडी तयार झाली असेल तर कंडेन्सर सदोष असण्याची शक्यता मोठी. चकत्या निळसर-काळ्या झाल्या असतील तर त्या बारीक पॉलिश-पेपरने घासून तात्पुरते काम भागते. परंतु पॉइंट आणि कंडेन्सर एकत्रच बदलणे इष्ट. पॉइंट पूर्ण उघडे असताना त्यांतील अंतर बहुतेक गाड्यांत ०.४ ते ०.५ मिमी असते आणि ते फीलर गेजने मोजतात. डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावरील कॅमला टेकणारा फायबरचा तुकडा झिजत जातो, अंतर कमी होत होत पॉइंट उघडेनासे होतात आणि एके दिवशी ठिणगी थांबते. मैलोन्मैल चाललेली गाडी काही मोडलेले नसताना बंद पडते, त्याचे हे एक कारण आहे.

दोन विशिष्ट लक्षणे लक्षात ठेवावीत. सेल्फ मारताना इंजिन क्षणभर पेटते आणि किल्ली सोडताच बंद पडते, असे होत असेल तर कॉइलच्या वाटेवरील रोधक, म्हणजे बॅलास्ट रेझिस्टर, तुटला असावा किंवा किल्लीच्या स्विचमध्ये दोष असावा. मात्र हा रोधक सर्वच गाड्यांत नसतो. थंड असताना उत्तम चालणारी, तापल्यावर बंद पडणारी आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होणारी गाडी कॉइलकडे बोट दाखवते. उष्णतेने आतील वेढ्यांचे आवरण दगा देते आणि थंड होताच पुन्हा काम देऊ लागते.

इंधनाची परीक्षा

ठिणगी निर्दोष आढळल्यास इंधनाकडे यावे. हवेच्या फिल्टरचे झाकण काढावे, इंजिन बंद ठेवावे, कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहावे आणि ॲक्सिलरेटरची दांडी हाताने पूर्ण ओढावी. आतील बारीक तोटीतून पेट्रोलची स्वच्छ धार उडाली, तर प्लवककक्षात, म्हणजे फ्लोटच्या भांड्यात, इंधन आहे. धार उडाली नाही, तर ते भांडे बहुधा रिकामे आहे. ही परीक्षा अर्ध्या मिनिटात होते आणि शोधाचे क्षेत्र निम्म्यावर आणते. या वेळी जवळ विडी, सिगारेट किंवा दिवा नसावा, हे वेगळे सांगायला नको.

भांडे रिकामे असल्यास पंप तपासावा. जुन्या गाड्यांत तो इंजिनाच्या कॅमदंडावर, म्हणजे कॅमशाफ्टवर, चालणारा यांत्रिक पंप असतो. गॅरेजमध्ये तो ‘एसी पंप’ या नावाने ओळखला जातो. कॉइलकडे जाणारी बारीक वायर काढून ठिणगी बंद करावी, पंपाची बाहेर जाणारी नळी बाटलीत सोडावी आणि सेल्फ मारावा. पेट्रोल ठोक्या-ठोक्याने भरघोस पडले पाहिजे. न पडल्यास पंपाचा पडदा, म्हणजे डायफ्राम, फाटला असावा. किंवा टाकीकडील नळीला भेग पडून पंप पेट्रोलऐवजी हवा ओढत असावा. टाकीच्या झाकणाचे वायुछिद्र धुळीने बुजले, तर टाकीत पोकळी निर्माण होऊन पंप निष्फळ होतो. झाकण सैल करताच ‘स्स्’ असा आवाज येऊन गाडी सुरू झाली, तर हाच दोष होता असे समजावे.

इंजिन ओव्हर झाले असेल तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरावा आणि चोक बंद ठेवून सेल्फ मारावा. पायडल वरखाली करू नये. प्रत्येक दाबागणिक आणखी पेट्रोल आत पडते. वरचेवर ओव्हर होत असेल तर फ्लोटची सुईझडप कचऱ्याने अडकून राहिलेली असते. पेचकसाच्या मुठीने भांड्यावर हलकेच टकटक केल्यास ती तात्पुरती सुटते.

इंधनाचा जुनेपणा आणि त्याची बदललेली घडण यांचाही विचार करावा. कित्येक महिने टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलमधील हलके घटक उडून जातात आणि उरलेला चिकट अंश कार्ब्युरेटरची सूक्ष्म छिद्रे बुजवतो. भारतात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्के आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल यांचा वेगळा थर टाकीच्या तळाशी बसतो, आणि पंपाची नळी तेथूनच ओढत असते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, पडदे आणि सील या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात किंवा ठिसूळ होतात. दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाडीतील पेट्रोल काढून टाकणे आणि नळ्या इथेनॉल-सहिष्णू रबराच्या बसवणे, हा यावरील उपाय आहे.

संपीडन आणि कालमेळ

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरीही इंजिन पेटत नाही, अशा वेळी यांत्रिक गटांकडे जावे. प्लगच्या छिद्रावर अंगठा घट्ट दाबून सेल्फ मारल्यास हवेने तो ढकलून दिला पाहिजे. ही परीक्षा करताना ठिणगी बंद केलेली असावी. अचूक मापनासाठी कॉम्प्रेशन गेज वापरतात. एखाद्या सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा बराच कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन-ऑइल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. न वाढल्यास दोष झडपांत किंवा गॅस्केटमध्ये आहे. शेजारच्या दोन सिलिंडरांत एकाच वेळी दाब नसणे हे त्यांच्यामधील गॅस्केट जळाल्याचे ठळक लक्षण मानतात.

कालमेळाची पहिली परीक्षा अगदी सोपी आहे. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून सेल्फ मारावा आणि रोटर फिरतो का ते पाहावे. रोटर भुजादंडाच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, निम्म्या गतीने फिरतो. तो स्थिर असेल तर कॅमदंडाला गती देणारा दुवा तुटला आहे. पद्मिनी आणि अँबॅसडर यांत हा दुवा साखळीचा, तर मारुती ८०० मध्ये दातेरी पट्ट्याचा आहे. साखळी आवाज करून पूर्वसूचना देते. पट्टा बहुधा एकाएकी तुटतो. रोटर फिरत असूनही इंजिन कार्ब्युरेटरातून ‘फट्’ असा उलटा आवाज काढत असेल, तर डिस्ट्रिब्युटर सैल होऊन सरकला आहे किंवा नुकतेच काम करताना प्लगच्या वायरी चुकीच्या क्रमाने बसल्या आहेत. म्हणून वायरी काढण्यापूर्वी त्यांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावण्याची पद्धत अवलंबावी.

डिझेल वाहनांचा वेगळा विचार

ग्रामीण भागात काळी-पिवळी जीप आणि मालवाहू वाहने डिझेलवर चालतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण सोळा ते बावीस पट दाबली जाऊन पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापते आणि त्या उष्णतेत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणून येथे संशयितांची यादी बदलते. सर्वात आधी स्टॉपची वायर पाहावी. जुन्या जीपमध्ये इंजिन बंद करण्यासाठी ओढायची मूठ असते. ती पूर्ण आत गेलेली नसेल तर सेल्फ कितीही मारला तरी डिझेल मिळत नाही. नंतरच्या वाहनांत तिच्या जागी विजेवर चालणारी झडप आली; किल्ली फिरवताच पंपाजवळ तिचा ‘टक्’ आवाज ऐकू यावा.

दुसरे नित्याचे कारण म्हणजे नळीत शिरलेली हवा. टाकी पूर्ण रिकामी झाल्यावर किंवा फिल्टर बदलल्यावर ‘एअर काढणे’ अपरिहार्य ठरते. फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारावा. आधी फेस येतो, मग बुडबुडे आणि शेवटी डिझेलची अखंड धार. धार अखंड होताच स्क्रू आवळावा. नोझलच्या नळ्यांतील हवा काढताना हात दूर ठेवावा, कारण उच्च दाबाची डिझेलची फवार त्वचेत घुसून गंभीर इजा करू शकते. थंडीच्या पहाटे ज्या इंजिनांना हीटर प्लग आहेत, त्यांना तापण्यास काही सेकंद द्यावे लागतात. ते जळालेले असल्यास उन्हाळाभर बिनतक्रार चालणारी गाडी पौष महिन्यात अडते.

भूम परिसरातील हवामान आणि दोषांचे स्वरूप

बालाघाटाच्या या पट्ट्यात पाऊस बेताचा, उन्हाळा प्रखर आणि रस्त्यांवर धूळ विपुल. तिन्ही गोष्टी गाडीच्या दोषांचे स्वरूप ठरवतात. पेट्रोलमधील सर्वात हलके घटक पस्तीस-चाळीस अंश सेल्सिअसला उकळू लागतात. एप्रिल-मे महिन्यांत सावलीतच तापमान तेवढे असते. बॉनेटखाली ते त्याच्या कितीतरी वर जाते.

बीडहून भूमकडे निघालेली पद्मिनी मांजरसुंब्याचा घाट चढून वर येते आणि चहासाठी थांबते, असे समजा. इंजिन बंद होताच पंखा आणि वाहती हवा दोन्ही थांबतात. पण तापलेल्या इंजिनाची उष्णता पंपाकडे आणि नळीकडे पसरतच राहते. नळीतील पेट्रोलची वाफ होते. द्रव ओढण्यासाठी बनवलेला पंप वाफ नुसती दाबत राहतो, पुढे काहीच जात नाही. सेल्फ उत्तम फिरतो, ठिणगी चोख पडते आणि गाडी सुरू होत नाही. हाच बाष्परोध, म्हणजे व्हेपर लॉक. बॉनेट उघडून गाडी सावलीत ठेवणे आणि पंपावर व नळीवर ओले फडके गुंडाळणे एवढ्याने तो सुटतो. तडे जाण्याच्या भीतीने तापलेल्या इंजिनावर मात्र थेट पाणी ओतू नये. हेच लक्षण तापलेल्या कॉइलचेही असते. फरक ठिणगी पाहून कळतो. ठिणगी असेल तर बाष्परोध, नसेल तर कॉइल.

धुळीचा परिणाम सावकाश होतो. हवेचा फिल्टर तुंबला की मिश्रण गर्द होते, प्लग काजळतात आणि सकाळचा आरंभ दिवसेंदिवस जड होत जातो. शहरासाठी सुचवलेल्या मुदतीपेक्षा येथे फिल्टर लवकर साफ करणे आवश्यक आहे.

प्रतिबंध आणि या ज्ञानाचा उपयोग

जुन्या वाहनासोबत एक छोटा संच कायम असावा: मापे नीट केलेला पॉइंट-कंडेन्सरचा जोड, रोटर, एक प्लग आणि प्लगपाना, पॉलिश-पेपर, फीलर गेज, १२ व्होल्टचा तपासणी-दिवा, हातभर पेट्रोलची नळी, दोन क्लिपा आणि स्वच्छ फडके. रस्त्यात अडवणाऱ्या प्रज्वलनाच्या आणि इंधनाच्या बहुसंख्य दोषांवर एवढे साहित्य पुरते. गाडी वापरात नसली तरी ती अधूनमधून सुरू करून पूर्ण तापू द्यावी आणि कोणता भाग कधी बदलला याची वहीत नोंद ठेवावी. पॉइंट किती किलोमीटर चालले हे नोंदीवरून कळले, तर वर वर्णिलेला सावकाश होणारा दोष अडण्याआधीच टळतो.

संगणकनियंत्रित इंधन-फवारणी असलेल्या गाड्यांत पॉइंट आणि कार्ब्युरेटर नाहीत. तेथे टाकीतील विजेचा पंप किल्ली फिरवताच दोन-तीन सेकंद गुणगुणतो का, डॅशबोर्डवरील किल्लीच्या चिन्हाचा दिवा लुकलुकत राहतो का आणि क्रँकशाफ्टचा संवेदक संकेत देतो का, हे पाहतात. साधने बदलली आहेत. परंतु ठिणगी, इंधन, दाब आणि वेळ हे चार प्रश्न आणि त्यांचा क्रम तोच राहिला आहे.

जुन्या मोटारीच्या मालकाने एवढा नियम पाळावा : प्रथम ठिणगी पाहावी, मग पेट्रोल, मग दाब, मग टायमिंग, आणि या परीक्षांनी दोषी ठरल्याखेरीज कोणताही भाग बदलू नये. गॅरेजमध्ये गाडी न्यावी लागली, तरी ‘गाडी चालू होत नाही’ एवढेच न सांगता ‘सेल्फ फिरतो, ठिणगी आहे, पण पेट्रोल चढत नाही’ असे सांगावे. त्या एका वाक्याने कारागिराचा वेळ वाचतो आणि मालकाचे पैसेही.